घरगुती कारण

२२ ऑगस्ट २०२४, गुरुवार

विमा एजंटने दिलेली ही डायरी आठ महिने कपाटात पडून होती. आज बाहेर काढली, कारण आज मला आलेला राग कुठेतरी ठेवायला जागा पाहिजे आणि गावात कोणाजवळ बोलायची सोय नाही.

सकाळी पोस्टमन कागद देऊन गेला. यांनी उघडला, वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि "बकरीले चारा टाकतो" म्हणून मागे निघून गेले. मी वाचला. वाचता वाचता वांग्याची भाजी करपली.

हे पंधरा वर्षं पलटणीत होते. शेवटी शेवटी पूर्वेकडच्या डोंगरात गाडी चालवत. तिथे एकदा दरड कोसळली आणि हे त्यात होते, एवढंच मला माहीत. त्यानंतर दवाखाना, मग हलकी ड्युटी, मग घर. घरी येऊन दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी लांबलचक नाव लिहून दिलं होतं, त्याचा अर्थ मनाचा आजार. त्याच्यावर अपंगत्वाची पेन्शन मागितली होती. ती नामंजूर. नामंजूर तर नामंजूर, पण कारण काय लिहावं? 'सदर आजार सैनिकी सेवेमुळे उद्भवलेला नाही. घरगुती ताणतणाव हे संभाव्य कारण.'

घरगुती म्हणजे कोण? घरात खुशबू आहे, ती पाचवीत. एक बकरी आहे. खुशबू शहाणी आहे, बकरी गरीब आहे. म्हणजे राहिली कोण? मीच की! डोंगर काय मी ढकलला?

हे कारण मी कागदावर राहू देणार नाही. पण करायचं ते गुपचूप करायचं. गावाला एवढंच माहीत आहे की राजदीप मिलिटरीतून रिटायर झाला आणि त्याला झाडांचा भारी शौक आहे. तेवढंच माहीत राहिलं पाहिजे.

२६ ऑगस्ट

दुपारी ढग गडगडले. हे ताटावरून उठले, फावडं घेतलं आणि मागे खणायला लागले.

असं होतं. ढग गडगडले, टिप्परमधून रस्त्याची गिट्टी ओतली, कुठे काही गडगडत खाली आलं की हे खणतात. हाक मारली तर ऐकू जात नाही. कमरेइतकं खणून झालं की काठावर बसतात आणि स्वतःचे हात पाहत राहतात. मग मी लिंबूपाणी नेते आणि काही झालंच नाही असं बोलते. आज खुशबूच्या गणिताबद्दल बोलले.

आणि त्या खड्ड्यात मी काहीतरी लावून टाकते. ही माझी युक्ती. केळी, शेवगा, पेरू, सीताफळ. मी अंगणवाडीत सेविका आहे, तिथल्या सुपरवायझरबाई मागे म्हणाल्या, "नूतनताई, तुमची वाडी पाहून मन प्रसन्न होतं." म्हणजे कोणाला संशय नाही.

नशीबही साथ देतं. या खड्ड्यात काय लावू म्हणून उभी होते, तर कुंपणावरून शेजारच्या बायनाबाईंची हाक. "नूतन, पपईचं रोप जास्तीचं होतं वं. तुया कामी येते का पाह्य."

किती योगायोग! मागच्या खेपेला चक्कीवाले पत्रूभाऊ असंच लिंबाचं कलम देऊन गेले होते. या गावात लोकांकडे रोपं फार जास्तीची होतात.

४ सप्टेंबर

सिंदेवाहीला गेलो, सोमाजी सुभेदारांकडे. सुभेदार पलटणीत कारकून होते, आता माजी सैनिकांचे अर्ज लिहून देतात. सत्तरीचे आहेत, मिशीला पीळ, घरात बनियनवरही छाती पुढे. भात संशोधन केंद्राच्या अलीकडे घर. दारावर पाटी, पाटीवर नावापेक्षा हुद्दा मोठा.

त्यांनी यांना विचारलं, "नींद आती है?"

"जी साब."

"खाना पचता है?"

"जी साब."

"गुस्सा आता है?"

"जी साब."

सुभेदारांनी पेन खाली ठेवलं. "बेटा, डाक्टरायच्या बोर्डासमोर सगळ्यालेच जी साब म्हनशील तं ते तुले पुन्हा भरती करून घेतीन."

मला हसू आलं. यांनाही आलं, पण यांचं ओठातच राहिलं.

सुभेदार म्हणाले, अपील करू. दोन गोष्टी लागतील. एक, दरडीच्या वेळी जो सोबत होता त्याचा जबाब. दुसरी, हे घरी कसे राहतात त्याची चौकशी. ती करायला जिल्ह्याच्या सैनिक कल्याण ऑफिसातून माणूस येईल.

मी म्हटलं, "साहेब, चौकशी घरात होऊ द्या. गावात नको."

"काऊन?"

"गावात कोणाला माहीत नाही."

सुभेदारांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि 'बरं' म्हणाले.

१९ सप्टेंबर

आमच्या आळीचा रस्ता होऊन राहिला आहे. ठेकेदार असा चिंगूस की विचारू नका. गिट्टीचा टिप्पर पार शाळेपाशी रिकामा करतो आणि तिथून बाया घमेल्यांनी गिट्टी आणून टाकतात. उन्हात! मी एकीला म्हटलं, "अवं, इथपर्यंत गाडी येते ना." ती म्हणाली, "तिथीच खाली करा म्हनून सांगून ठेवलं हाय गावानं." आता गावाने ठेकेदाराचं डिझेल वाचवायचं काय कारण? ग्रामपंचायतीत काहीतरी शिजतंय.

१४ ऑक्टोबर

आज मन खट्टू आहे.

धम्मचक्र दिनाची रॅली निघाली. पांढरी साडी नेसून, ताटात फुलं घेऊन मी दारात उभी. खुशबूने रांगोळी काढलेली. डीजे पार विहारापासून वाजत आला आणि आमच्या घराच्या दोन घरं आधी बंद! सारे हळूहळू चालत आमच्यासमोरून गेले, घोषणासुद्धा पुटपुटल्यासारख्या. पुढच्या वळणावर गेल्यावर पुन्हा धडाधड सुरू.

आमचं घर काय वाळीत टाकलं? आठवून आठवून पाहिलं. बुद्धपौर्णिमेला बायनाबाईंच्या खिरीला मी पातळ म्हटलं होतं, तेवढंच. पण खीर पातळ होतीच.

यांना म्हटलं, "पाहिलं ना, आपल्या घरासमोर वाजवलं नाही."

हे म्हणाले, "बरं झालं." आणि खुशबूचा हात धरून रॅलीच्या मागे गेले. यांना मान-अपमान कळतच नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

धान कापणी अर्धी सोडून धानोऱ्याला जाऊन आले. दरडीत सोबत असलेले दसरू तिकडचे. यांना चला म्हटलं तर म्हणाले, "तू जा. मी बकरी पाह्यतो." बकरी स्वतःला चांगली पाहते. पण ओढलं नाही.

गडचिरोलीला बस बदलली. धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या गावात दसरूचं घर. त्यांची आई बुधरीबाई अंगणात आवळे वाळवत होती. जोहार म्हणून हात जोडले आणि माझ्या पायावर आधी पाणी ओतलं, मग नाव विचारलं. दसरू काठी टेकत आले. एक पाय वाकडा, बाकी माणूस म्हणजे नुसतं हसणं. राजदीपची बायको म्हटल्यावर ओरडले, "भाभीजी! त्या गधड्यानं फोन नंबर बदलला का मेला?"

मग त्यांनी सांगितलं. मी लग्नाची बायको, पण हे मला परक्या माणसाकडून कळलं. दसरू मातीखाली होते. यांनी नुसत्या हातांनी खणून त्यांना काढलं. पुढच्या गाडीत आणखी एक मुलगा होता. तो सापडला नाही. वरून पुन्हा दगड यायला लागले, साहेबांनी मागे फिरा म्हणून सांगितलं, तरी हे खणतच होते. चौघांनी मिळून उचलून आणावं लागलं.

"नखं नव्हती राह्यली त्याच्या बोटाले," दसरू म्हणाले. हे सांगताना मात्र हसले नाहीत. "मले पेन्शन लगेच भेटली भाभीजी. माया पाय वाकडा हाय, सगळ्यायले दिसते. त्याचं जे वाकडं झालं ते दिसत नाई."

बुधरीबाईंनी निघताना आवळ्याची पिशवी दिली. बसमध्ये मी पिशवी पोटाशी धरून बसले. डोळ्यांत फार धूळ गेली.

२ डिसेंबर

दसरू न सांगता येऊन धडकले. मला वाटलं आता दरडीचं बोलणं निघेल आणि यांना त्रास होईल. तसं काही झालं नाही. दोघं मागच्या वाडीत खाट टाकून बसले आणि तीन तास पलटणीतल्या कोण्या लंगरच्या, म्हणजे जेवणघराच्या, पातळ डाळीबद्दल बोलले. हे मोठ्याने हसले. आवाज काढून. मी कणीक मळता मळता थांबले. इतक्या दिवसांत हा आवाज विसरूनच गेले होते.

मग दसरू काठीने एक एक झाड दाखवत विचारत सुटले, "हे कोनत्या पावसाचं? अन् हे?" हे सांगत होते. म्हणजे दसरूंना खड्ड्यांचं कळलं. मी तर त्यांना सांगितलं नव्हतं.

दसरूंचा जबाब सुभेदारांनी लिहून घेतला. त्यात 'अतुलनीय' हा शब्द पाच ठिकाणी होता, तो दसरूंनी खोडायला लावला.

१८ डिसेंबर

सत्यानाश!

मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. हे बाजाराला सावली गावी गेलेले. नेमका तेव्हा कल्याण ऑफिसचा माणूस गावात आला. त्यांना कल्याण संघटक म्हणतात. घराला कुलूप पाहून ते थेट गावात चौकशी करत फिरले. मी धावत गेले तोवर त्यांचं काम आटोपलं होतं. हसत म्हणाले, "बाई, तुमचे मिस्टर तर एकदम फिट आहेत. साऱ्या गावाने सांगितलं."

पत्रूभाऊंनी सांगितलं, "राजदीप? एक नंबर मानूस. त्याले काय धाड भरली?" पोलीस पाटलांनी सांगितलं, "रात्री घोरते एवढंच, तेही ऐकीव." आणि बायनाबाईंनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाल्या, "आमच्या पोराले येडा लिवाले आले का तुमी? चहा प्या अन् गाडी पकडा."

संघटकांच्या कागदावर लिहिलेलं आहे: 'प्रकृती उत्तम. कोणतीही तक्रार नाही.'

आता अपील कशाचं? मी लपवलं, इतकं छान लपवलं की स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. हे लिहायला लाज वाटते, पण मनात क्षणभर असंही आलं की सोडून द्यावं सारं. घरगुती तर घरगुती.

१९ डिसेंबर

आज जे झालं ते कसं लिहू? आधी रडले, मग हसले, आता दोन्ही थांबलं आहे.

सकाळी बायनाबाई कुंपणाशी आल्या, चेहऱ्यावर मोठा पराक्रम केल्याचा आनंद. "काही काळजी करू नोको वं नूतन. आमी कोनीच काई सांगतलं नाई त्याले."

"काय सांगितलं नाही?"

"तेच वं."

"तेच म्हणजे?"

"आता तेच म्हंजे… गड्ड्याचं."

माझ्या हातातला तांब्या पडला.

बायनाबाई घाबरून कुंपण ओलांडून आल्या, मला पायरीवर बसवलं आणि मग सगळं बाहेर पडलं. हे घरी आले त्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी कुंपणावरून पाहिलं होतं. यांना खड्ड्यात बसलेलं पाहून विचारलं, "का करतं बाबू?" हे म्हणाले, "केळ लावतो." पण हातात केळ नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी केळीचा कंद आणून दिला.

"गड्डा रिकामा राह्यला तं पोराच्या मनाले बरं नसतं वाटलं," म्हणाल्या.

मग पत्रूभाऊंना कळलं, मग साऱ्यांना. कोणी सभा घेतली नाही, कोणी ठरवलं नाही. ढग गडगडले की दुसऱ्या दिवशी ज्याच्याकडे रोप असेल तो आणून देतो. बायनाबाईंनी तर परसात मुद्दाम रोपं करून ठेवली आहेत. गिट्टीचा टिप्पर शाळेपाशी थांबतो तो यांच्यासाठी. डीजे बंद झाला तो यांच्यासाठी.

"मग मला काऊन नाही सांगितलं?" मी ओरडलेच.

"तू कोठी सांगतलं आमाले?" त्या म्हणाल्या.

मी दोन वर्षं तोंडावर हसू चिकटवून या गावात फिरले. आणि हे गाव दोन वर्षं माझं हसू खरं मानल्यासारखं करत राहिलं. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की अंगणवाडीला जावंसं वाटेना. बायनाबाई म्हणाल्या, "अन् मायी खीर पातळ नव्हती." तेव्हा मला जे हसू फुटलं ते आवरेना. त्याही हसल्या. खोकला लागेपर्यंत.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे शेवग्याच्या शेंगा तोडत होते. मी म्हटलं, "गावाला सगळं माहीत आहे."

हे म्हणाले, "मले मालूम हाय."

"केव्हापासून?"

"पहिल्या केळीपासून."

"आणि मला बोलले नाही?"

हे शेंगा मोजल्यासारखं करत राहिले. मग म्हणाले, "तू लपवाची इतकी मेहनत करून राह्यली होती. म्हटलं, काऊन तुयं मन मोडा."

म्हणजे गावाला माहीत, यांना माहीत, मला वाटतं बकरीलाही माहीत. एक मीच राहिले होते.

मग मी विचारलं, जे आधी विचारायला पाहिजे होतं. की लोकांनी खरं सांगितलेलं चालेल का. गावात 'मनाचा आजार' हा शब्द मोठ्याने बोलला जाईल, कागदावर जाईल, खुशबूच्या शाळेतही कोणी काही म्हणेल. यांनी शेंगांची जुडी बांधली. मग म्हणाले, "घरगुती कारन लिवलं तवा मले लय राग आला होता. तुयापेक्षा जास्त. पन मी काई म्हनलो नाई."

"म्हणजे सांगू द्यायचं?"

"सांगू दे."

२१ डिसेंबर

घरोघर फिरले. लोकांना खोटं बोलायला लावणं सोपं असतं, खरं बोलायला लावणं फार जड. पत्रूभाऊ म्हणाले, "मी त्याच्या विरुद्ध कसा बोलू?" मी म्हटलं, भाऊ, हे विरुद्ध नाही. पोलीस पाटलांना पटायला दोन चहा लागले. बायनाबाई सोबत होत्या. प्रत्येक दारात त्या आधी आत जायच्या आणि म्हणायच्या, "ते घरगुती घरगुती करून नूतनचं नाव लिवलं हाय कागदात." त्यावर बाया पेटायच्या. गडी माणसं मग आपोआप तयार.

९ जानेवारी २०२५

सुभेदारांनी खटपट करून चौकशी पुन्हा लावली. तेच संघटक आले. या वेळी विहारासमोर सतरंजी टाकून गाव बसलं होतं. साहेब दचकलेच.

आता अडचण उलटी. सांगा म्हटल्यावर लोक थांबेनात. पत्रूभाऊ म्हणाले, "लय खराब हालत हाय साहेब. मानसाले वळखत नाई." हे त्यांच्या शेजारी बसून त्यांनाच सुपारी कातरून देत होते. एक आजोबा म्हणाले, राजदीप झाडाशी इंग्रजीत बोलतो. पोलीस पाटलांनी घोरण्याचं पुन्हा सांगितलं, या वेळी जास्त मोठं करून.

संघटकांनी हात जोडले. "मागच्या वेळी तुम्ही त्याला देव केला, आता भूत करू नका. जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगा."

तेव्हा बायनाबाई उठल्या. "चला, दाखवतो." त्यांना वाडीत घेऊन आल्या. साहेब प्रत्येक झाडापाशी थांबले. हे झाड कधीचं, त्या दिवशी काय झालं होतं, रोप कोणी दिलं. गाव मागे मागे. आता कोणीच जास्तीचं बोललं नाही. शेवटी साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला. म्हणाले, ते स्वतःही फौजेतून आलेत. एवढंच. जाताना पेरू पिशवीत घातले तर 'ड्युटीवर घेता येत नाही' म्हणाले. मग तिथेच कापून खाल्ले.

११ फेब्रुवारी

काही नाही. खुशबूचं स्नेहसंमेलन. ती वाघ झाली होती आणि पहिल्या रांगेतली लहान पोरं खरंच रडली. आमच्याकडे वाघाचं नाटक करायचं म्हणजे विचार करावा लागतो, परवाच सिंदेवाहीच्या रस्त्यावर दिसला म्हणतात.

२२ एप्रिल

नागपूरकडच्या मिलिटरी दवाखान्यात बोर्ड झाला. दसरूही आले, काठी घेऊन. सुभेदार आले, कडक इस्त्री घालून. यांनी नवा शर्ट घातला आणि बटण वर-खाली लावलं. मी नीट करायला गेले तर हात थंडगार. एप्रिलमध्ये!

आत डॉक्टर मॅडम, मेजर. साताऱ्याकडच्या, म्हणून मराठीत बोलल्या. मलाही बसायला सांगितलं. आधी त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि हे 'जी मॅडम, जी मॅडम' करत सुटले. सुभेदारांचं वाक्य आठवून मी यांच्या पायावर हळूच पाय दिला.

मग मॅडमनी विचारलं, "खणताना काय वाटतं?"

मी तोंड उघडलं, तर मॅडमनी माझ्याकडे न पाहता हात वर केला.

मग हे म्हणाले, "खाली कोनी हाय असं वाटते. आवाज येते."

"मग? कोणी सापडलं?"

"नाई." थोडं थांबून म्हणाले, "पपई लागली."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांना हसावं की नाही कळेना. आधी हेच हसले. मग त्या हसल्या, मग मी, आणि हसता हसता यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेच ना. मॅडमनी थांबवलंही नाही. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि वाट पाहिली. मग समोरचा दसरूंचा जबाब पाहून विचारलं, "त्या मुलाचं नाव काय होतं?"

"रोशन," हे म्हणाले. हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. "लय बेसूर गाये, मॅडम. पूरा घाट कान पिकवे."

आणि मग हे बोलत राहिले. रोशन काय गायचा, कुठे चहाला थांबायचे, त्याच्या गाडीच्या आरशाला काय लटकवलेलं होतं. 'जी मॅडम' एकदाही म्हटलं नाही.

निघताना मॅडमनी गोळ्या बदलून दिल्या, दर महिन्याला यायला सांगितलं. मग मला विचारलं, "आणि तुम्ही कशा आहात?"

विचित्र प्रश्न. मला काय झालंय? मी म्हटलं, मी ठीकच. त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात तुम्हीही अर्धा तास बसा माझ्याजवळ." बहुतेक यांच्याबद्दल आणखी विचारायचं असेल.

बसस्टँडवर डोळ्यांत पुन्हा धूळ गेली. नागपूरचीही धूळ तशीच.

३० जून

ढग गडगडले. हे उठले, फावड्यापर्यंत गेले. मग परत आले आणि माझ्याजवळ बसले. म्हणाले, "बोल काही." मला काही सुचेना, मी खुशबूचा पाढा म्हणून दाखवला. सतराचा. चुकला. यांनी दुरुस्त केला. गडगडाट थांबेपर्यंत एकोणीसपर्यंत पोचलो.

१६ जुलै

आज खणलं. मॅडम म्हणाल्याच होत्या, सरळ रेषेत नाही होणार. लिंबूपाणी नेलं. पण काही झालं नाही असं बोलले नाही. "आवाज आला का?" विचारलं. हे 'हो' म्हणाले. बराच वेळ बोलत बसलो, खड्ड्यात पाय सोडून. मी मॅडमसमोर दोनदा बसून आले. तिथे काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण धूळ नव्हती ती, हे आता मला कळलं आहे.

२५ सप्टेंबर

मंजूर!

सुभेदार स्वतः सिंदेवाहीहून कागद घेऊन आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत, अंगणात सावधान उभे राहून वाचला. 'सदर आजार सैनिकी सेवेतील घटनेमुळे उद्भवलेला असल्याचे मान्य करण्यात येत आहे.' बायनाबाई म्हणाल्या, "म्हंजे काय जी?" सुभेदार म्हणाले, "म्हंजे डोंगर पडला म्हून झालं."

"हे तं आमाले पहिलेच मालूम होतं," बायनाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला माझ्याच घरात गेल्या.

मी कागद हातात घेऊन वरून खाली, खालून वर पाहिला. घरगुती हा शब्द कुठे नाही. तरी पाठीमागेही पाहिलं.

हे माझ्यामागे येऊन उभे होते. हळूच म्हणाले, "आता तुयं नाव नाई राह्यलं त्याच्यात." मी वळून पाहिलं तर तोंड फिरवून बकरीकडे गेले. जाऊ दे. मलाही जरा वेळ एकटीलाच उभं राहायचं होतं.

८ नोव्हेंबर

आज सकाळी एक बाई आली. कमळाबाई, नदीकडच्या गावची. पदराने तोंड झाकून विचारलं, "तुमच्या इथं तो मंजूर झाला म्हनते… तो कागद." तिचा मुलगा फौजेतून आला आहे. घरात कोणाशी बोलत नाही. "गावात कोनाले मालूम नाई बाई," ती म्हणाली. मी तिचा हात धरला, पण हसू दाबायला फार त्रास झाला.

मुलगा बाहेर मोटरसायकलवर बसून होता. हेल्मेट डोक्यात, काच खाली, गाडी चालूच. आत या म्हटलं तर मान हलवली. कमळाबाई रडायला लागल्या.

हे चहाचा कप घेऊन बाहेर गेले. मी खिडकीतून पाहत होते. शाळेची वेळ, रस्त्यावर पोरं, पत्रूभाऊ पोत्यावर पोतं टाकत होते, बायनाबाई कुंपणाशी.

"गाडी बंद कर नं गा," हे म्हणाले.

मुलगा तसाच.

मग हे रस्त्याच्या मधोमध, साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मले मनाचा आजार हाय. गोळ्या चालू हायेत. महिन्याले डॉक्टरकडे जातो. तू कोनत्या पलटनीचा?"

रस्त्यावर कोणी थांबलं नाही. पोरं शाळेत गेली. पत्रूभाऊंनी पोतं उचललं. बायनाबाईंनी मात्र तोंडाला पदर लावला.

गाडी बंद झाली. मुलगा उतरला आणि आमच्या पायरीवर बसला. हेल्मेट काढलं नाही. काच तेवढी वर केली आणि त्या फटीतून चहा प्याला. बराच सांडला. मग रिकामा कप पुढे करून म्हणाला, "आणखी हाय का?"

मी आत जाऊन चहाचं पातेलंच ठेवलं.